४२९२ सालचं नाणं

कोरिया माझा होता. आज हे वाक्य लिहिताना हसू येतं, पण चौदाव्या वर्षी मला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. जळगावच्या आमच्या मुलींच्या शाळेत कोरिया नावाचा देश आहे, त्याचे दोन तुकडे झालेत आणि मध्ये तारेचं कुंपण आहे, हे सांगू शकणारी मी एकटी होते. भूगोलाच्या बाईंनाही ते धड ठाऊक नव्हतं. वक्तृत्व स्पर्धेत विषय ‘शिस्तीचे महत्त्व’ असो की ‘माझा आवडता सण’, तिसऱ्या मिनिटाला मी कोरियात पोचायचे आणि तिथल्या मुलांचे हाल सांगून पुढच्या रांगेतल्या मुलींना रडवायचे. बक्षीस ठरलेलं असायचं.

हे सगळं मला पत्रकांतून मिळालं होतं. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. पुढच्या खोलीत भाऊंचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छापखाना आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं म्हणून मीही म्हणायचे. सकाळपासून पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनचा खटाक्-धप् असा आवाज सुरू व्हायचा आणि तो थांबला की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. अक्का, माझी आई, चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायची तीसुद्धा त्या तालावर. छपाईचे शिशाचे खिळे पुसायच्या रॉकेलचा वास, शाईचा वास आणि भाजल्या भाकरीचा वास यांचं जे मिश्रण व्हायचं त्याला मी अजूनही घर म्हणते. लग्नपत्रिका आणि दुकानांची बिलबुकं यांवर पोट चालायचं. पत्रकांवर भाऊ चालायचे. कापसाचा भाव, गिरणी कामगारांचा बोनस, जगाची शांतता, असं काहीही असो, लोक रात्री-अपरात्री मजकूर घेऊन यायचे आणि भाऊ तो छापून द्यायचे. उरलेल्या प्रती कपाटाखाली रचलेल्या असायच्या. मी त्या पोटावर झोपून वाचायचे. अक्षरं मी पाटीवर शिकले नाही, खिळ्यांवर शिकले, म्हणजे उलटी. पाटीवरची सुलटी अक्षरं मला बरेच दिवस चुकीची वाटत.

भाऊंचा एकच कडक नियम होता. पत्रकाच्या तळाशी छापणाऱ्याचं आणि लिहिणाऱ्याचं नाव हवं. कायदा तर तसा होताच, पण भाऊंना कायद्याचं फार कौतुक नव्हतं. अशाच एका पत्रकाखाली नाव होतं म्हणून ते अडीच महिने तुरुंगात जाऊन आले होते. लोक म्हणायचे, “भाऊ, या खेपेला नाव नका घालू.” त्यावर ते कागद परत करायचे. “नाव घालायची हिंमत नसेल तर मजकूर खरा नाही असं मी समजतो,” एवढंच बोलायचे.

तर अशा या माझ्या कोरियात एक दिवस शकू घुसली. शकुंतला. असोद्याहून एस्टीने यायची, माझ्या मागच्या बाकावर बसायची. तिच्या घरी केळी आणि कापूस. तिच्या परकरावर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग असायचे. ते डाग कशाने जात नाहीत, कापड फाटतं पण डाग राहतो. वर्गात ती बोलायची नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडायची तेव्हा मात्र आम्ही सगळ्या वळून बघायचो, कारण असोद्याच्या वांग्यांचं भरीत, त्यावर कांद्याची पात आणि कच्चं तेल, तिच्या डब्यात इतकं असायचं की चार जणींना पुरावं. ती वाटायचीही. मी तिचं भरीत खायचे आणि तिच्याशी फारसं बोलायचे नाही. मला वाटायचं, ही काय बोलणार.

एका मधल्या सुट्टीत तिने डब्याऐवजी हिंगाची पत्र्याची डबी काढली आणि बाकावर उपडी केली. नाणी होती. पिवळी, तांबूस, एक-दोन पांढरी. कुणीतरी विचारलं, “कुठली गं?”

“कोरियाची,” शकू म्हणाली. “मह्या मामानं दिली.”

मला तो क्षण अजून अंगावर येतो. कोरिया! मी ज्याच्यासाठी टाळ्या मिळवल्या तो देश हिच्या हिंगाच्या डबीत! मी एक नाणं उचललं. एका बाजूला जास्वंदीसारखं फूल होतं. दुसऱ्यावर काटेरी पाठीचं कासव. एक तर चौकोनी भोकाचं होतं, आपल्या भोकाच्या पैशासारखं, पण खूप जुनं आणि काळवंडलेलं. सगळ्या नाण्यांना हिंगाचा वास येत होता. मुली माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या, आणि त्या माझ्याकडे नाही, शकूकडे वळून प्रश्न विचारत होत्या. ती जमेल तसं सांगत होती. तिचा मामा लष्करात होता, कोरियातल्या लढाईच्या वेळी आपल्या डॉक्टरांचं पथक तिकडे गेलं त्यात तो मलमपट्टी करायला होता. आता तो धुळ्याला एका दवाखान्यात ड्रेसर आहे. तिकडचा एक माणूस त्याला अजून पत्र पाठवतो, आणि प्रत्येक पत्रात पुठ्ठ्याला चिकटवून एक नाणं.

“तिथली मुलं उपाशी असतात,” मी मध्येच म्हणाले.

“असतीन,” शकू म्हणाली. “मामा म्हनतो, थंडी लई असते.” आणि मुली पुन्हा तिच्याकडे वळल्या.

चार दिवसांनी ती आमच्या छापखान्यात आली. हातात केळीची एक फणी. चित्रकलेच्या बाईंनी तिला सांगितलं होतं की शाळेच्या प्रदर्शनात नाणी मांडायची तर डबीत चालणार नाहीत, आल्बम हवा, आणि आल्बम कोण करून देईल तर विमल, म्हणजे मी; आमच्या छापखान्यात वह्या-पुस्तकांच्या बांधणीचंही काम व्हायचं. मी नाही म्हणू शकले असते. पण नाही म्हणण्यापेक्षा ती नाणी दहा दिवस माझ्याकडे राहतील हा विचार जास्त जोरदार होता.

तो आल्बम मी केला तसं काम मी नंतर कधी केलं नाही. राखाडी पुठ्ठा, पाठीला काळं कापड. प्रत्येक पान म्हणजे दोन जाड कागद. त्यांत प्रत्येक नाण्याच्या मापाची गोल खिडकी कापायची आणि मध्ये पारदर्शक कागदाचा खिसा, म्हणजे नाणं दोन्ही बाजूंनी दिसतं. आम्ही चिकटवायची खळ शिजवताना कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायचो. अक्का म्हणाली, “यात घालू नको. नाण्याला हिरवे डाग पडतील.” म्हणून साध्या मैद्याची खळ केली. सोळा खिडक्या कापल्या. दुपारी सगळे झोपले की मी एकेक नाणं तळहातावर घेऊन बसायचे आणि माझं आहे असं समजायचे. मग खिडकीखाली लावायच्या चिठ्ठ्या जुळवल्या. देश, किंमत, साल. त्यावरची अक्षरं वाचता येत नव्हती, पण आकडे आपल्या इंग्रजी आकड्यांसारखेच होते. फुलाच्या नाण्यावर होतं ४२९२. मी ते तसंच जुळवलं.

प्रदर्शनात शकूला पहिलं बक्षीस मिळालं. हेडबाईंनी तो आल्बम हातात धरून सगळ्यांना दाखवला. पानं उलटताना त्या म्हणाल्या, “किती नेटकं केलंय बघा!” टेबलावरच्या पाटीवर लिहिलं होतं: संग्रह – शकुंतला, असोदा. बस. पाटीवर बांधणीवालीचं नाव नव्हतं. शकूने ते मुद्दाम केलं नव्हतं; पाटी बाईंनी लिहिली होती. पण मी घरी गेले ती जेवलेच नाही. अक्काने विचारलं तर म्हणाले, डोकं दुखतंय. त्या वर्षी वक्तृत्वाचं बक्षीसही माझंच होतं, पण त्याचं कुणी नाव काढलं नाही. प्रदर्शन तीन दिवस होतं आणि तीन दिवस मुली त्या टेबलाभोवती होत्या.

माझ्या डोक्यात तो आकडा फिरायला लागला. ४२९२. हे साल कसं असेल? त्याच आल्बममध्ये नव्या नाण्यांवर १९६६ होतं. म्हणजे त्या देशात आधी ४२९२ साल आलं आणि मग १९६६? मला गुदगुल्या झाल्यासारखं झालं. फसवणूक! आणि फसवणूक दिसली की काय करायचं हे आमच्या घरात वेगळं शिकवावं लागत नव्हतं. पत्रक काढायचं.

प्रदर्शन संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. भाऊ सभेला भुसावळला गेले होते, अक्का शेजारी पापड लाटायला. मशीनवर एका दुकानाचं गुलाबी कागदाचं काम होतं, त्यातले कागद उरले होते. मी खिळे जुळवायला बसले. हात इतके भराभर चालत होते की मला माझीच गंमत वाटत होती. तो मजकूर मला आजही पाठ आहे:

‘विद्यार्थिनींनो, सावधान! आपल्या शाळेत ज्या नाण्यांना पहिले बक्षीस मिळाले त्यांतील एकावर साल आहे ४२९२. ते साल उजाडायला अजून दोन हजार वर्षांहून अधिक काळ आहे. मग हे नाणे पाडले कोणी? अजून न जन्मलेल्या लोहाराने? की परदेशाच्या गप्पा मारून भोळ्या भाचीला फसवणाऱ्या मामाने? आणि भाची तरी भोळी आहे काय? झाकलेले सत्य उघडे झालेच पाहिजे! – एक जागरूक विद्यार्थिनी.’

पन्नास प्रती काढल्या. तळाशी छापखान्याचं नाव घातलं नाही. फर्मा, म्हणजे जुळवलेला मजकूर, सोडला, खिळे पुसून खणांत टाकले, मशीन होतं तसं ठेवलं. सोमवारी सगळ्यांच्या आधी शाळेत जाऊन बाकाबाकांवर प्रती ठेवल्या आणि प्रदर्शन संपलं तरी अजून न हलवलेल्या आल्बमच्या टेबलावर दोन. नंतर जे झालं ते मी बाकावर बसून शांत चेहऱ्याने पाहिलं. मुली वाचायच्या आणि हसायच्या. “अजून न जन्मलेला लोहार” हे शब्द दिवसभर वर्गात फिरत होते. शकूने तो कागद वाचला, चौघडी केली, दप्तरात ठेवला. रडली नाही. माझ्याकडे एकदा बघितलं. मंगळवारी ती आली नाही, बुधवारीही नाही. तिच्या एस्टीतल्या एका मुलीने सांगितलं की कागद असोद्यातही पोचलाय.

शनिवारी अर्धी शाळा होती. दुपारी मी खिळ्यांच्या खणांपाशी उभी राहून खिळे लावत होते. दारात एक उंच म्हातारे गृहस्थ आले. डोक्याला पांढरा रुमाल, हातात काठी आणि गुलाबी कागद. ते शकूचे आजोबा, आबा. कापसाच्या भावाच्या पत्रकांमुळे भाऊ त्यांना ठाऊक होते.

“भाऊ,” ते म्हणाले, “मले वाचता येत नाही. एस्टीतल्या पोरांनी अर्धा वाचला अन् हसले. मंग मी कोनाले विचारलं नाही. तुमचा कागद खरा असते, म्हून तुमच्याकडे आलो. काय लिवलंय, तेवढं वाचून दाखवा.”

भाऊंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्याने, त्यांच्या सभेच्या आवाजात. मशीन बंद होतं. माझा प्रत्येक शब्द त्या खोलीत ऐकू येत होता. ‘झाकलेले सत्य’पाशी ते थांबले. आमच्याकडच्या मोठ्या ‘झ’च्या खिळ्याचा पाय मोडका होता, भाऊ कितीदा तरी म्हणायचे, नवा आणायला हवा. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडे बघितलं. मी हातातला खिळा भलत्याच खणात टाकला. भाऊंनी उरलेलं वाक्य वाचून पुरं केलं.

“म्हंजे आमची पोरगी खोटारडी,” आबा म्हणाले. “अन् तिचा मामा थापाड्या. आमच्या घरातून शाळेसाठी गावाबाहेर गेलेली ती पयली पोर. मी गावाले सांगत होतो, शिकू द्या, शिकू द्या. आता बसवली घरी. छापनारा कोन, ते कळंन का?”

“कळेल,” भाऊ म्हणाले. “माझ्याच छापखान्यात छापलाय. माझ्या मुलीने.”

अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली होती ती तशीच उभी राहिली. भाऊ म्हणाले, “आबा, मला आठ दिवस द्या. नाणं खोटं असेल तर हेच पत्रक मी पुन्हा छापीन, खाली नाव घालून. खरं असेल तर दुसरं छापीन. पण आधी चौकशी करू.”

आबा गेल्यावर भाऊंनी मला मारलं नाही, रागावलेही नाहीत. फक्त एवढं म्हणाले, “नाव का नाही घातलंस?” मग म्हणाले, “उद्या धुळ्याला जायचं.”

एस्टी एरंडोल, पारोळा करत निघाली. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा भाऊंनी भजी घेतली आणि पुडा माझ्या मांडीवर ठेवला, पण स्वतः खाल्ली नाहीत. मी खिडकीतून किल्ल्याची तटबंदी बघत बसले. आणि खरं सांगते, मला पश्चात्ताप वगैरे काही होत नव्हता. मी मनातल्या मनात म्हणत होते, नाणं खोटं निघू दे. एवढं एक खोटं निघालं की बाकीची पंधराही खोटी, आणि कोरिया पुन्हा माझा. शकूची शाळा सुटली आहे हे मला ठाऊक होतं. तरी तेच म्हणत होते.

शकूचे मामा, ज्यांना सगळे नाना म्हणत, धुळ्यात दोन खोल्यांच्या घरात राहायचे. ठेंगणे, टकले, हातांना आयोडिनचा वास. भाऊंनी त्यांच्या हातात पत्रक दिलं आणि म्हणाले, “हे हिने लिहिलंय.” नानांनी उभ्या उभ्या वाचलं. त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारातून मला न्याहाळत होती. “हाई पोर शे का ती?” ती म्हणाली. “दिखस तं लहान.” मग जरा वेळाने, “बस व माय. भाकर खाई ले.”

नाना हसले. मला ते रागावतील असं वाटलं होतं. “अजून न जन्मलेला लोहार,” ते म्हणाले. “झकास आहे हे.” त्यांनी खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. आत पत्रांचा गठ्ठा होता, परदेशी तिकिटं, पुठ्ठ्याचे तुकडे. त्यांवर नाणं चिकटवलेल्या जागी गोल खूण उमटलेली. पत्रं इंग्रजीत, मोडक्या. लिहिणाऱ्याला नाना ‘किमभाई’ म्हणत. तो त्यांच्या तंबूत आला तेव्हा त्याचा पाय कापायचा ठरला होता, आणि नानांनी महिनाभर रोज दोनदा जखम धुतली म्हणून तो वाचला. बरा झाल्यावर तोच तंबूत दुभाषा म्हणून राहिला.

“बाळ,” नाना मला म्हणाले, “तुमच्या छापखान्यात लग्नपत्रिका छापता ना? वर काय घालता? शके अठराशे अमुक. बरोबर? आणि तुमच्या शेजारचा मारवाडी दुकानदार वहीवर काय लिहितो? संवत दोन हजार काहीतरी. मग तुमचं साल खोटं की त्याचं? त्या लोकांचंही स्वतःचं साल होतं, त्यांच्या मूळ राजापासून मोजलेलं. आता आता त्यांनी ते सोडलं आणि जगाचं घेतलं. म्हणून जुन्यावर ४२९२ आणि नव्यावर १९६६. हे बघ, किमभाईने लिहिलंय.” त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. भाऊंनी ती वाचली आणि मान हलवली.

शके! त्याच आठवड्यात मी स्वतःच्या हाताने तीन लग्नपत्रिकांवर शके जुळवलं होतं.

“आणि ते कासव नाही,” नाना म्हणाले. “बोट आहे. वरून लोखंडी पाठ असलेली लढाऊ बोट.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “तुम्ही कोणत्या बाजूला होता?” आमच्या पत्रकांत दोन्ही बाजूंची नावं ठळक टाइपात असायची.

“तंबूत होतो,” नाना म्हणाले. “दोन्हीकडचे यायचे.” मग पेटी बंद करत ते म्हणाले, “मी परत आलो तेव्हा गावात सगळ्यांनी विचारलं, काय आणलंस. कसं होतं तिथं, हे शकूने विचारलं. मोठी झाल्यावर. तेवढ्यासाठी नाणी तिला दिली. सालाचं तिला सगळं सांगितलं होतं मी. तिने तुला नाही सांगितलं?”

“नाही,” मी म्हणाले.

आता इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. ती मी भाऊंना त्यांच्या शेवटापर्यंत सांगितली नाही. शकूने मला सांगितलं होतं. चिठ्ठ्या जुळवताना मी तिला विचारलं होतं, हे काय साल आहे. ती म्हणाली होती, “मामा म्हनतो, त्यांचं साल येगळं असते. आपल्या शकासारखं.” मी ऐकलं होतं. पण कोरियाबद्दल मला माहीत नसलेलं शकूला माहीत आहे, हे मला इतकं सहन झालं नाही की मी ते ऐकलंच नाही असं ठरवून टाकलं. हेवा माणसाला आंधळं करतो म्हणतात. माझा हेवा आंधळा नव्हता. त्याला सगळं दिसत होतं, त्याने नको होतं तेवढंच वगळलं. पुढे आयुष्यभर मी लोकांच्या खोटेपणावर लिहिलं, मोर्चे काढले, मंत्र्यांना उभ्या उभ्या प्रश्न विचारले. प्रत्येक वेळी ते ‘नाही’ मला कुठूनतरी ऐकू यायचं.

परत आल्यावर भाऊंनी पांढरा कागद काढून दिला आणि म्हणाले, “लिही. तूच जुळव.” मी लिहिलं: ‘नाण्यावरील साल खरे आहे. त्या देशाचे स्वतःचे साल होते. माझ्या अज्ञानामुळे शकुंतला आणि तिच्या मामांवर खोटा आरोप झाला. मी त्यांची माफी मागते.’ खाली माझं नाव, त्याखाली मुद्रक म्हणून भाऊंचं. छापलेलं माझं ते पहिलं नाव.

भाऊंनी प्रूफ वाचलं. “अज्ञानामुळे?” त्यांनी विचारलं. “नक्की?”

“हो,” मी म्हणाले.

त्यांनी रुळाला शाई लावली.

शाळेत मी प्रत्येक वर्गाच्या दारात उभी राहून कागद वाटला. त्या वेळी कुणी हसलं नाही, आणि कुणी ते शब्द पाठही केले नाहीत. मग भाऊंबरोबर असोद्याला गेले. एस्टी थांब्यावर, पिठाच्या गिरणीपाशी वाटला. केळीचे घड भरलेल्या बैलगाड्या थांबवून भाऊ लोकांना म्हणायचे, “घ्या, वाचा, माझ्या मुलीचा आहे.” शेवटी आबांच्या ओट्यावर मी तो मोठ्याने वाचला. आजूबाजूच्या बाया दारांत येऊन ऐकत होत्या. आबा काठीवर हनुवटी टेकवून बसले होते.

“म्हंजे हा कागद खरा,” ते म्हणाले, “अन् तो गुलाबी खोटा.”

“हो,” भाऊ म्हणाले.

“बरं झालं सांगितलं. गावानं आयकलं.” मग घरात वळून त्यांनी हाक मारली, “शके, सोमवारपासून जाय व शाळेत!”

शकू दारामागे होती. आम्ही निघालो तेव्हा ती ओट्याच्या कडेपर्यंत आली आणि फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, “तुले सांगतलं होतं मी.” मी मान खाली घालून चालू लागले. सोमवारी ती आली, पण दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. तिचं भरीत मला पुन्हा मिळालं नाही. मी वर्षभर मागे वळून तिच्या डब्याकडे बघायचे.

आता मी धुळ्याला राहते. दोन वर्षांपूर्वी जळगावला एका कार्यक्रमासाठी गेले होते. तो आटोपल्यावर एक पांढऱ्या केसांची बाई पुढे आली आणि म्हणाली, “ओळखलं का गं?” शकू. मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली, बोलणं आता अगदी पुस्तकी. तिने मला घरी नेलं. चहा झाला, केळीचे वेफर्स झाले. मग तिने कपाटातून आल्बम काढले. एक नाही, पाच. किमभाई गेल्यावर त्याच्या मुलीने पत्रं चालू ठेवली, त्यानंतर नातीने. कोरियाची नाणी दीडशेच्या वर. आणि मला, साठी उलटलेल्या बाईला, पुन्हा तोच हेवा वाटला. माझ्याकडे काय आहे? मी सगळं छापलं आणि वाटून टाकलं. एक प्रतसुद्धा ठेवली नाही.

पहिला आल्बम माझाच होता. काळं कापड विटलं होतं, खिडक्या शाबूत होत्या. फुलाचं नाणं जागेवर, खाली माझी चिठ्ठी, ४२९२. त्या पानामागच्या खिशात एक चौघडी केलेला कागद होता. मी उलगडला. गुलाबी रंग उडून मातकट झाला होता. मोडक्या पायाचा ‘झ’.

“हे का ठेवलंस?” मी विचारलं. “दुसरं कुठे आहे? माफीचं?”

“ते फाडून टाकलं. त्याच दिवशी,” शकू म्हणाली. “त्यात तू खोटं लिहिलं होतंस. अज्ञानामुळे म्हणे! यात निदान राग तरी खरा होता.” ती हसली. “आणि लोहाराचं वाक्य चांगलं होतं गं. मला तेव्हाच आवडलं होतं. इतका राग आला होता, तरी.”

तिने टेबलावरचं पेन उचलून माझ्यापुढे ठेवलं.

“आता नाव घाल,” ती म्हणाली.

कागद घडीवर फाटायला आला होता. मी तो आल्बमवर नीट पसरला, ‘एक जागरूक विद्यार्थिनी’ हे शब्द खोडले आणि त्याखाली माझं नाव लिहिलं. घडीवर अक्षर जरा वाकडं आलं. शकूने ते वाचलं, शाई वाळेपर्यंत थांबली, कागदाची पूर्वीच्याच घड्यांवर घडी केली आणि आल्बमच्या खिशात ठेवून दिला.